गणवेशाचा बेत संगणकावर

अंगाला नेमके बसेल अशा रीतीने कापड मोजून, आखून कापण्याच्या क्रियेला मराठीत 'बेतणे' असा फार नेटका शब्द आहे. शिलाईयंत्र चालविता येणे आणि कापड बेतता येणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. यंत्रावर सरळ शिवण घालणे थोड्या सरावाने जमते. कोऱ्या कापडावर पहिली रेघ कोठे ओढावी हे समजण्यास मात्र पूर्वीच्या शिंप्यांना गुरूच्या हाताखाली वर्षे घालवावी लागत. आज खेडोपाडी शिलाईयंत्र बाळगणाऱ्या भगिनींची संख्या लक्षणीय आहे. त्यांतील पुष्कळजणी कापलेले कापड उत्तम शिवतात, परंतु कापण्यासाठी दुसऱ्याकडे पाहतात. शिलाईच्या मजुरीचा मोठा वाटा ज्या कौशल्याला मिळतो, नेमके तेच त्यांच्या हाती नसते.

संगणकावर कपड्यांचे मूळ साचे काढण्याची आणि त्यांत फेरफार करण्याची साधने आता विनामूल्य उपलब्ध आहेत. ही साधने काय करतात, काय करीत नाहीत आणि नवशिक्या व्यक्तीने त्यांचा आरंभ कसा करावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. विषय शिवणकामाचा असला तरी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. तो कसा, हे प्रथम पाहू.

निर्णय गावाकडे आला

समग्र शिक्षा योजनेखाली शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला दोन गणवेश दिले जातात. त्यासाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशास ३०० रुपये, अशी तरतूद आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात गणवेशाचे कापड राज्य पातळीवर एकत्रितपणे घेऊन ते महिला बचत गटांकडून शिवून घेण्याची योजना अमलात आली होती. गणवेश उशिरा पोचल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी त्या वर्षी अनेक ठिकाणांहून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने या निर्णयात बदल केला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले.

या समित्यांत शिक्षण हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. म्हणजे ज्यांची मुले तो गणवेश घालणार, त्यांच्याच हाती आता कापड निवडण्याचे आणि शिवून घेण्याचे अधिकार आहेत. अधिकाराबरोबर अडचणही आली. शंभर-सव्वाशे मुलांची मापे कोण घेणार आणि त्यांवरून कापड कोण बेतणार?

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा या गावाचा विचार करू. हा कापसाचा मुलूख. याच कापसासाठी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा काढण्यात आला. कापूस गावातून बाहेर जातो आणि कापड होऊन, अनेकदा तयार कपडा होऊनच, परत येतो. या येण्याजाण्यात जी मजुरी मिळते तिच्यातील शेवटचा टप्पा, म्हणजे बेतणे आणि शिवणे, तेवढा तरी गावात राहू शकतो. त्यासाठी गिरणी लागत नाही. एक मोजपट्टी, दोन-तीन शिलाईयंत्रे, एक साधा संगणक आणि छपाईयंत्र एवढी सामग्री पुरते. आणि संगणक व छपाईयंत्र हे तर बहुतेक ग्रामपंचायतींच्या सेवा केंद्रांत आधीपासूनच आहेत.

साधन कोणते?

मापानुसार कागदी साचे विकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी साचे विक्रीस आणले आणि घरोघरी शिवणाऱ्या स्त्रियांची मोठी सोय झाली. पुढे शंभरेक वर्षांनी संगणक या क्षेत्रात आला. अमेरिकेत गर्बर आणि फ्रान्समध्ये १९७३ साली स्थापन झालेली लेक्ट्रा या कंपन्यांनी कापड कारखान्यांसाठी संगणकावर चालणाऱ्या पद्धती तयार केल्या. त्या कारखान्यांसाठीच होत्या; गावच्या शिंप्याला त्या परवडणाऱ्या नव्हत्या.

ही परिस्थिती २०१३ च्या सुमारास पालटू लागली. 'व्हॅलेंटिना' या नावाची साचे काढण्याची एक मुक्त आज्ञावली, म्हणजे कोणीही विनामूल्य वापरावी, तपासावी आणि सुधारावी अशी, त्या काळात निघाली. तिचीच दुसरी शाखा पुढे 'सीमली टू-डी' या नावाने वाढली. दोन्ही आज्ञावल्या साध्या संगणकावर चालतात आणि एकदा बसविल्यानंतर त्यांना इंटरनेटची गरज राहत नाही. 'फ्रीसोइंग' नावाचे एक तिसरे साधन आहे. त्यात आपली मापे भरली की तयार आराखडा मिळतो. परंतु त्यातील नमुने मुख्यतः पाश्चात्त्य पोशाखांचे असल्याने आणि तेथे आखणी स्वतः करावी लागत नसल्याने, शिकण्याच्या दृष्टीने पहिली दोन अधिक उपयोगी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील विवेचन त्यांना अनुसरून आहे. पडद्यावरचे शब्द इंग्रजीत दिसल्याने बिचकण्याचे कारण नाही. नेहमी लागणाऱ्या आज्ञा दहा-बारा आहेत. त्यांचा मराठी तक्ता करून संगणकाशेजारी लावला म्हणजे झाले.

मापे घेणे

आरंभ संगणकापासून करावयाचा नाही, मोजपट्टीपासून करावयाचा आहे. चुकीच्या मापावरून संगणक अत्यंत सुबक असा चुकीचा साचा काढून देतो.

भारतीयांच्या शरीरमापांची राष्ट्रीय पाहणी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतली, तिची आखणी मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयोगटातील पंचवीस हजार व्यक्तींसाठी होती. प्राथमिक शाळेतील मूल त्या वयोगटात बसत नाही. वयावरून माप ठरविण्याचा प्रघातही दगा देतो, कारण एकाच वर्गातील दोन मुलांच्या छातीत आठ-दहा सेंटिमीटरचा फरक सहज असतो. यास्तव गावातील मुलांची मापे गावातच घेतली पाहिजेत.

सदऱ्यासाठी छाती, खांद्याची रुंदी, खांद्यापासून काखेच्या पातळीपर्यंतची खोली, गळ्याचा घेर, बाहीची लांबी आणि सदऱ्याची उंची एवढी सहा मापे पुरेशी आहेत. मोजपट्टी छातीभोवती सपाट असावी. ती पाठीमागे खाली घसरते, तिकडे दुसऱ्या व्यक्तीने लक्ष द्यावे. मुलाने श्वास रोखून धरू नये. माप पातळ कपड्यावरून घ्यावे, स्वेटरवरून नव्हे. मुलींची मापे शिक्षिकेने अथवा गटातील भगिनीनेच घ्यावीत, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. पाचवीच्या पुढील वर्गांत हे काम गणिताच्या तासाला जोडता येईल. चौथा भाग, बारावा भाग, सरासरी हे सारे त्यात आपोआप येते, आणि आपल्याच वर्गाची सरासरी काढताना मुले कंटाळत नाहीत.

आपल्याकडील शिंपी अजूनही इंचात मोजतात आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत असा हिशेब ठेवतात. 'साडेसहा आणि एक सूत' असे तोंडी सांगितलेले माप संगणकाला दशांशात द्यावे लागते, म्हणजे ६.६२५. आज्ञावलीत इंच व सेंटिमीटर या दोहोंची सोय आहे, पण एका कामात एकच परिमाण धरावे. नवशिक्यांनी सेंटिमीटर घेतल्यास सुतांचे दशांश करण्याचा खटाटोप वाचतो. मुरलेल्या कारागिराला मात्र त्याचा इंच सोडावयास लावू नये. त्याचे डोळे इंचातच मोजतात.

सीमली व व्हॅलेंटिना या दोहोंत मापांची नोंद ठेवण्यासाठी एक स्वतंत्र भाग असतो. तेथे प्रत्येक मुलाची, अथवा प्रत्येक आकाराची, मापांची एक फाईल तयार होते. त्या सर्व फाईलींमध्ये मापांची नावे तंतोतंत सारखी असली पाहिजेत. एकीत 'छाती' आणि दुसरीत 'छातीचा घेर' असे असेल तर आराखडा दुसरी फाईल स्वीकारणार नाही.

पहिला साचा

आता आखणीकडे वळू. सदऱ्याच्या पुढील भागाचा अर्धा साचा काढावयाचा आहे, कारण उरलेला अर्धा भाग त्याचेच प्रतिबिंब असतो. समजा, मुलाची छाती ५८ सेंटिमीटर आहे.

पडद्यावर आरंभी एक बिंदू असतो, त्यास 'अ' म्हणू. हा सदऱ्याच्या मधल्या रेषेचा वरचा टोकबिंदू. आज्ञावलीत दिशा अंशांत सांगावी लागते: शून्य अंश म्हणजे उजवीकडे, ९० वर, १८० डावीकडे आणि २७० खाली. 'अ' पासून २७० अंशांवर सदऱ्याच्या उंचीइतक्या अंतरावर 'ब' बिंदू घ्यावा. हा खालचा काठ. त्याच रेषेवर 'अ' पासून छातीच्या चौथ्या भागाइतक्या खोलीवर 'क' घ्यावा. ही मुंढ्याची पातळी. 'क' पासून उजवीकडे छातीचा चौथा भाग अधिक अडीच सेंटिमीटर ढिलाई एवढ्या अंतरावर 'ड' घ्यावा. 'ड' मधून सरळ खाली काठापर्यंत रेषा आणली की बाजूची शिवण मिळते. गळ्यासाठी 'अ' पासून उजवीकडे आणि खाली छातीचा बारावा भाग मोजून दोन बिंदू घ्यावेत आणि ते वळणाने जोडावेत. खांद्यासाठी 'अ' पासून उजवीकडे खांद्याच्या रुंदीचा निम्मा भाग मोजावा, तेथून उतारासाठी अडीच-तीन सेंटिमीटर खाली यावे आणि तो बिंदू गळ्याच्या वरच्या बिंदूशी जोडावा. खांद्याच्या टोकापासून 'ड' पर्यंत जे आतल्या बाजूस झुकलेले वळण काढतात, तो मुंढा. बटणपट्टीचे कापड मधल्या रेषेच्या बाहेर निराळे धरावे.

वरील मुलासाठी 'क' ते 'ड' हे अंतर १४.५ अधिक २.५, म्हणजे १७ सेंटिमीटर येते. चार चौथे भाग मिळून तयार सदऱ्याचा घेर ६८ आणि शरीराचा घेर ५८. दहा सेंटिमीटरची मोकळीक मुलाला धावण्यास आणि हात वर करण्यास पुरते.

येथपर्यंतचे काम खाकी कागदावर खडूने आणि पट्टीने तितकेच चांगले होते, किंबहुना सराव असेल तर अधिक झटपट होते. मग संगणकाचा लाभ कोणता? तो पुढच्या मुलाच्या वेळी कळतो. नवशिका माणूस 'ड' च्या चौकटीत १७ हा आकडा लिहितो. चित्र बरोबर दिसते, पण ते एकाच मुलाचे होते. त्याच चौकटीत 'छाती भागिले ४ अधिक २.५' असे सूत्र लिहिले तर ६६ सेंटिमीटर छातीच्या मुलाची फाईल जोडताच तेथे १९ येतात. मुंढ्याची खोली १४.५ वरून १६.५ वर आणि गळ्याची रुंदी ४.८ वरून ५.५ वर जाते. साऱ्या रेषा क्षणात सरकतात आणि नवा साचा पुढे उभा राहतो. ६८ घेराचा पहिला सदराच जर या दुसऱ्या मुलाला दिला असता, तर त्याला केवळ दोन सेंटिमीटर मोकळीक उरली असती आणि पहिल्याच कवायतीत काखेची शिवण उसवली असती. म्हणून प्रत्येक चौकटीत, शक्य असेल तेथे, आकड्याऐवजी सूत्र लिहावे. या साधनाचे सारे सामर्थ्य या एका सवयीत आहे.

आणखी एक सोय उल्लेखनीय आहे. मुंढ्याच्या वळणाची लांबी हाताने मोजताना मोजपट्टी उभी धरून वळवावी लागते आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटर चूक सहज होते. संगणक ही लांबी आपण होऊन मोजतो आणि तिला नाव देतो. पुढचा व मागचा मुंढा यांच्या लांबीची बेरीज घेऊन बाहीच्या माथ्याचे वळण तिच्याशी जुळवून पाहता येते. बाही मुंढ्यात बसत नाही, एका बाजूस कापड उरते, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार त्यामुळे कापडाला कात्री लागण्यापूर्वीच लक्षात येते.

छाती सर्व काही सांगत नाही

सूत्रांवर विसंबण्यात एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. आपल्याकडील शिवणकलेच्या बहुतेक पुस्तकांत छातीच्या मापावरून गळा, मुंढा आणि पाठीची रुंदी काढण्याची रीत आहे. मध्यम बांध्याच्या माणसाला ती चांगली लागू पडते. अंगाने भरलेल्या मुलाची मात्र छाती वाढते, त्या प्रमाणात खांदे वाढत नाहीत. ७२ सेंटिमीटर छातीच्या अशा मुलाला सूत्राप्रमाणे १८ सेंटिमीटर खोलीचा मुंढा येतो. प्रत्यक्ष मोजल्यास त्याला १६ पुरेसे असतात. जादा खोल मुंढ्याचा परिणाम असा होतो की हात वर करताच सदरा कमरेपासून वर ओढला जातो. मोठा मुंढा म्हणजे मोकळा मुंढा, हा समज यामुळे खोटा ठरतो.

कृश आणि उंच मुलांच्या बाबतीत याच्या उलट घडते. म्हणून वर सांगितलेल्या सहा मापांत काखेची खोली स्वतंत्र घेतली आहे. सर्वसाधारण मुलांसाठी छातीवरून काढलेले सूत्र ठेवावे आणि ज्यांचा बांधा निराळा आहे, त्यांच्यासाठी त्या चौकटीत मोजलेल्या मापाचे नाव घालावे. कोणते मूल कोणत्या प्रकारात मोडते हे संगणक सांगू शकत नाही. ते मोजपट्टी धरणाऱ्याने डोळ्यांनी पाहून ठरवावयाचे आहे.

फेरफार

मूळ साचा एकदा नीट बसला की त्यातून अनेक कपडे निघतात. सदऱ्याची उंची वाढवून कुडता होतो. कंबरेच्या रेषेवर साचा तोडून खाली चुण्यांचा घेर जोडला की परकराचा झगा होतो. मुलींच्या गणवेशातील बिनबाह्यांचा झगा हाही याच साच्यातून, गळा मोठा करून आणि मुंढा किंचित वाढवून, काढता येतो. घेर वाढविण्यासाठी कागदी साचा उभा चिरून पाकळ्यांप्रमाणे पसरण्याची जुनी युक्ती आहे. संगणकावर तोच भाग एका बिंदूभोवती ठराविक अंशांनी फिरविता येतो आणि न जमल्यास क्षणात पूर्वस्थितीवर आणता येतो. कागद मात्र एकदा चिरला की चिरला.

गणवेशाचे काम वर्षातून एकदाच येते. बचत गटाला बाराही महिने काम देणारा कपडा म्हणजे पोलके, ज्याला आता सर्वत्र ब्लाऊज म्हणतात. त्यात कापडाला छातीचा गोलवा देण्यासाठी टक्स घालावे लागतात आणि तेथेच शिकाऊ भगिनींचे घोडे अडते. टक्स म्हणजे एका बिंदूकडे निमुळती होत जाणारी शिवण. हा बिंदू कायम ठेवून टक्स कमरेकडून खांद्याकडे अथवा मुंढ्याकडे नेता येतो. नेताना त्याचा कोन बदलत नाही, तोंडाची रुंदी मात्र बदलते. कमरेकडे १२ सेंटिमीटर लांबीच्या टक्सचे तोंड ३ सेंटिमीटर असेल, तर खांद्याकडे तोच टक्स २४ सेंटिमीटर लांब झाल्यावर त्याचे तोंड ६ सेंटिमीटर होते. दोन्ही ठिकाणी ३ च सेंटिमीटर धरल्यास ब्लाऊज छातीवर घट्ट बसतो आणि दोष मापावर ढकलला जातो. पडद्यावर एक टक्स मिटताना दुसरा उघडताना दिसतो, तेव्हा ही गोष्ट व्याख्यानापेक्षा लवकर ध्यानात येते. कटोरी ब्लाऊजची रचनाही अखेर याच तत्त्वावर उभी आहे: तेथे टक्सच्या जागी साच्याचे तुकडेच केलेले असतात.

शिवणीच्या आत जादा ठेवलेल्या कापडाला आपण 'माया' म्हणतो. आज्ञावलीत प्रत्येक कडेला निरनिराळी माया देता येते. गळ्याला पाऊण सेंटिमीटर, खांद्याला दीड, बाजूच्या शिवणीला अडीच, खालच्या दुमडीला पाच असे प्रमाण वाढत्या मुलांच्या कपड्यांस योग्य होय. दिवाळीनंतर मूल वाढलेले दिसले की बाजूची शिवण उसवून घेर वाढविता येतो. कारखान्यात शिवलेल्या गणवेशात ही माया काटकसरीने तोडलेली असते. गावात शिवलेल्या गणवेशाची खरी बचत येथे आहे, कारण ३०० रुपयांत कापड आणि शिलाई दोन्ही भागवावयाची असतात.

छपाई आणि कापणी

तयार साचा कागदावर आणण्यासाठी मोठ्या छपाईयंत्राची गरज नाही. आज्ञावली साच्याचे नेहमीच्या २१ बाय २९.७ सेंटिमीटरच्या कागदांएवढे तुकडे पाडते. ते छापून खुणांप्रमाणे जोडावयाचे असतात. मुलाच्या सदऱ्याच्या एका भागाला चार ते सहा कागद लागतात. इमारतींचे नकाशे छापणारे दुकान जवळपास असल्यास संपूर्ण साचा एकसंध छापून मिळतो.

छापण्यापूर्वी एक दक्षता अवश्य घ्यावी. छपाईयंत्र पुष्कळदा चित्र 'पानात मावेल' असे आपण होऊन लहान करते. शंभराऐवजी ९६ टक्के छपाई झाली तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ६८ सेंटिमीटर घेराचा सदरा ६५ च्या जरा वर येतो आणि दहातील पावणेतीन सेंटिमीटर मोकळीक कोठे गेली हे कोणालाच कळत नाही. साच्याच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरचा चौकोन काढून ठेवावा, पहिलेच पान छापून तो पट्टीने मोजावा आणि बरोबर असल्यासच बाकीची पाने छापावीत.

शंभर मुलांसाठी शंभर साचे काढण्याचेही कारण नाही. मापांची यादी समोर ठेवून छातीच्या मापाप्रमाणे ५६, ६०, ६४, ६८ आणि ७२ असे पाच गट करावेत. मधले माप असलेल्या मुलाला वरच्या गटात टाकावे. उंची स्वतंत्र धरावी. या गटांत न बसणारी जी थोडी मुले उरतात, त्यांच्यासाठीच वेगळा साचा काढावा. गटांचे साचे पुठ्ठ्यावर चिकटवून कापून ठेवले की ऐन हंगामात वीज गेली तरी कापणी थांबत नाही.

कापडाची मांडणीही पडद्यावर करून पाहता येते. ३६ इंच पन्ह्याच्या कापडावर जे भाग बसविताना कापड वाया जाते, तेच ५८ इंच पन्ह्यावर लहान-मोठे आकार एकत्र मांडल्यास नीट बसतात. म्हणून कापड खरेदी करण्यापूर्वीच ही मांडणी करावी आणि मगच पन्हा व मीटर ठरवावेत. प्रत्येक भागावर उभ्या धाग्याची दिशा दाखविणारा बाण असतो, तो मोडू नये. चार बोटे कापड वाचविण्यासाठी तिरपा कापलेला सदरा दोन धुण्यांत पिळवटतो. चौकड्यांचे कापड असेल तर बाजूच्या शिवणीत चौकडी जुळावी म्हणून थोडे अधिक कापड धरावे. कापडात सुताचे प्रमाण जास्त असल्यास ते आधी भिजवून वाळवून मगच कापावे.

प्रत्येक गटातील पहिला कपडा मात्र मांजरपाटाचा अथवा जुन्या साडीचा शिवून त्या मापाच्या एका मुलाला घालून पाहिला पाहिजे. हात वर करावयास लावावे, खाली बसवावे, दप्तर पाठीला लावून पाहावे. जेथे ओढ दिसेल तेथे खडूने खूण करावी आणि ती दुरुस्ती साच्यात करून मगच गणवेशाच्या कापडाला हात घालावा.

गावातील व्यवस्था

महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याची स्थापना १९७५ मध्ये झाली, आणि २०११ पासूनचे 'उमेद' अभियान यांच्या प्रयत्नांनी गावोगावी महिला गट उभे आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने अशा एखाद्या गटाशी जानेवारी-फेब्रुवारीतच बोलणे केले तर मार्चमध्ये मापे, एप्रिलमध्ये साचे व चाचणीचे कपडे आणि मे महिन्यात कापणी व शिलाई असा क्रम बसतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे थोडी सवडही मिळते. गटातील एका भगिनीने आणि सेवा केंद्रातील संगणक चालकाने मिळून आज्ञावली शिकावी, हे उत्तम. एकीला मुंढा म्हणजे काय हे माहीत असते, दुसऱ्याला फाईल कोठे ठेवली हे. दोघांपैकी एकट्याच्या भरवशावर हे काम टाकू नये.

शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबांना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेचाही लाभ घेता येतो. योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम समाविष्ट आहे. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची रूपरेषा आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस ही योजना लागू होते. नोंदणी सामान्य सेवा केंद्रामार्फत होते आणि ग्रामपंचायत पातळीवर तिची पडताळणी सरपंचांकडून केली जाते. तेव्हा पंचायत सदस्यांनी गावातील पात्र कारागिरांकडे स्वतः होऊन विचारणा करावी.

मापांची वही आणि संगणकातील फाईल या दोन्ही शाळेत ठेवाव्यात, त्यांवर मुलांची नावे न घालता हजेरीपटावरील क्रमांक घालावेत. पुढच्या मार्चमध्ये मोजपट्टी पुन्हा फिरेल, तेव्हा मागील वर्षीच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहिले जातील. कोणते मूल वर्षभरात एक सेंटिमीटरही वाढले नाही, हे त्या वहीत दिसेल; ते पान आरोग्य तपासणीस येणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.